पोळ्याच्या दिवशीची तारीख

मी वकील झालो तो एका माणसाचा सूड घ्यायला. माझ्या निवृत्तीच्या सत्कारात लोकसेवा, न्यायाची चाड, गोरगरिबांचा कळवळा असं काय काय बोललं गेलं. मी मान हलवत ऐकून घेतलं, हार घालून घेतला आणि घरी आलो. कसली लोकसेवा आणि कसलं काय! वकील झालो, कायदेमंडळात गेलो, न्यायाधीशाच्या खुर्चीत बसलो, त्या प्रत्येक पायरीवर माझ्या डोळ्यांपुढं एकच तोंड होतं. आता वय झालंय, कुणाची भीडभाड उरली नाही. तेव्हा जसं झालं तसं सांगतो.

ते तोंड हिंगोलीच्या एका वकिलाचं. उंच, किडकिडीत माणूस. अंगात काळी शेरवानी, हातात सदा चष्मा. आवाज कधी चढायचा नाही. समोरच्याला 'आपण, आपण' म्हणत त्याचं वाटोळं करायचा आणि वर चौकशी करायचा, आपल्याला घरी जायला गाडी आहे ना? निजामाचं राज्य होतं, कचेरीचा कारभार सगळा उर्दूत, आणि ह्याची उर्दू अशी की कोर्टातले न्यायाधीश, म्हणजे मुन्सफसुद्धा लेखणी थांबवून ऐकायचे. त्याच्याविरुद्ध उभं राहायचं म्हटलं की आमच्या भागातली माणसं आधीच हात टेकायची.

आमचं गाव औंढा नागनाथ आणि शिरड शहापूर यांच्या मधल्या पट्ट्यात. गावची पाटीलकी आमच्या घराण्यात, पण घराण्याच्या दोन पात्या, म्हणजे शाखा. थोरली पाती आमची, धाकटी माझ्या चुलत चुलत्याची. पाटीलकीत तसं काही राहिलं नव्हतं. राहिला होता पोळ्याचा मान. पोळ्याला गावातले सगळे बैल सजवून वेशीपाशी उभे करतात, वर आंब्याच्या पानांचं तोरण असतं, आणि त्या तोरणाखालून पहिली जोडी जाते ती मानाच्या घरची. ती गेल्याशिवाय गावातलं दुसरं जनावर हलत नाही. बाहेरच्याला हे खुळ्यासारखं वाटेल. वाटो बापडं. माझे वडील, आबा, वर्षभर मातीत राबायचे ते त्या एका संध्याकाळच्या जिवावर.

एका वर्षी चुलत्यानं आपली जोडी आबांच्या जोडीपुढं घातली. ढकलाढकली झाली, तोरण खाली आलं, एका बैलाचं शिंग दुसऱ्याच्या पोटाला लागलं. प्रकरण हिंगोलीच्या कोर्टात गेलं. चुलत्यानं हा वकील धरला. आबांनी वकील धरलाच नाही. "खरं बोलाया वकील काहून लागतो?" असं म्हणाले. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा. गाडी जुंपून मीच त्यांना कोर्टात नेलं आणि मागच्या बाकावर बसलो.

आता इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्याच्या दोन वर्षं आधी माझ्या बहिणीचं लग्न झालं होतं. लग्नात मानाचा पहिला विडा थोरल्या पातीनं घ्यायचा, ही गावची रीत. पण मांडव आमचाच होता. आपल्याच मांडवात, पाहुणे बसलेले असताना, घरधन्यानं पहिला विडा कसा उचलायचा? आबांनी तबक चुलत्यापुढं सरकवलं, "आधी तुमी घ्या" म्हणाले. कुठलाही भला माणूस हेच करील. आणि त्या मांडवात चौथ्या पाटावर बसून हा वकील जिलबी खात होता. चुलत्याकडून आलेला पाहुणा म्हणून माझ्या मायनं त्याला दोनदा आग्रह केला होता.

कोर्टात त्यानं काय विचारलं ते मी आजही झोपेतून उठून म्हणून दाखवीन.

"पाटील, आपल्या मुलीच्या लग्नात मानाचा पहिला विडा कुणी घेतला?"

"ह्यांनी," आबांनी चुलत्याकडं बोट केलं.

"आपल्या हातून हिसकावून घेतला?"

"न्हाई न्हाई. म्याच दिला की."

"मग कुणी धमकावलं म्हणून दिला?"

"छ्या! राजीखुशीनं दिला."

"झालं हुजूर. मला आणखी काही विचारायचं नाही."

आबा म्हणायला लागले, "पर सायब, मांडव माझा व्हता..." तर मुन्सफांचा कारकून, पेशकार, खेकसला, विचारलं तेवढंच बोलायचं. जबानी उर्दूत लिहिली गेली, उर्दूतच वाचून दाखवली. आबांनी अक्षर न कळता मान डोलवली आणि खाली नांगराची निशाणी काढली. निकाल उघड होता. थोरल्या पातीनं आपला मान आपल्या हातानं, राजीखुशीनं धाकट्या पातीला दिलेला आहे. पोळ्याचा मान चुलत्याचा.

बाहेर आलो तर तो पायरीवर उभा. "पाटील, गाडी आहे ना आपली?" आबा म्हणाले, "व्हय, हाय." आणि त्या माणसाला त्यांनी हात जोडले! माझ्या अंगाची लाही लाही झाली.  गाडी हाकताना ह्या माणसाला एक दिवस माझ्यापुढं उभं करीन आणि तोंडातून शब्द काढू देणार नाही, एवढं मी मनाशी ठरवून टाकलं.

त्या वर्षापासून आबांनी बैल वेशीला नेले नाहीत. तूप-हळदीनं खांदेमळणी करायचे, शिंगं रंगवायचे, झुली घालायचे, आणि अंगणातच पूजा करायचे. वेशीकडून वाजंत्री ऐकू यायची. आबा मान खाली घालून बैलांच्या पायांवर पाणी घालत राहायचे. माय पुरणपोळी पुढं करायची आणि पदरानं डोळे पुसायची.

सूड घ्यायचा तर विद्या कुणाची घ्यायची? त्याचीच. मी हिंगोलीला त्याच्याच दारात गेलो. हाताखाली शिकाऊ उमेदवार म्हणून ठेवा म्हणालो. त्यानं कुठल्या गावचा, कुणाचा, काही विचारलं नाही. म्हणाला, "अक्षर कसं आहे?" चार वर्षं मी त्याच्या जाजमावर बसून कागदांच्या नकला केल्या, उर्दू घोटली, कायदा पाठ केला. तो जेवायला बोलवायचा, मी कधी जेवलो नाही. तो शिकवायचा मात्र मनापासून, हे कबूल करतो. करताना अजून तोंड कडू होतं. वकालतीची परीक्षा मी पास झालो, सनद हातात आली, आणि त्याला सांगायला गेलो की आजपासून मी वेगळा.

चष्मा पुसत म्हणाला, "तुझ्या वडिलांचा दावा मी बुडवला म्हणून आला होतास ना? मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. काही शिकलास का?"

चोराच्या घरात शिरावं आणि त्यानंच दिवा धरावा, अशी माझी गत झाली. सनद खिशात घातली आणि बाहेर पडलो. तो राग आधीच्या रागावर चढला आणि मग मी हात धुऊन त्याच्या मागं लागलो. त्यानं वादी घेतला की मी प्रतिवादी घ्यायचा. त्याचा दावा ज्या दिवशी असेल त्या दिवशी मी कोर्टात हजर, माझं काम असो नसो.

मी एक युक्ती काढली होती. माझ्या साक्षीदारांना मी शिकवायचो की आधी कारण सांगा, मग उत्तर. एकदा वारंगा फाट्याकडच्या एका तांड्यावरची म्हातारी माझी साक्षीदार होती. वहिवाटीच्या रस्त्याचा दावा. त्यानं विचारलं, "बाई, आपण त्या वाटेनं जाणं बंद केलं होतं ना?" उत्तर होतं 'व्हय', आणि तिथंच आम्ही मेलो असतो. पण म्हातारी म्हणाली, "मोठा पूर आला, नाला फुटला, वाट वाहून गेली, म्हनून चार महिने बंद केलं." मुन्सफांनी सगळं लिहून घेतलं. तो क्षणभर माझ्याकडं बघत राहिला. मी मिशीतल्या मिशीत हसलो. दावा आम्ही जिंकला. त्या दिवशी मला जेवण असं काही गोड लागलं की विचारू नका.

मग कायदेमंडळाची निवडणूक आली. वकिलांनी आपला एक माणूस निवडून हैदराबादेला पाठवायचा होता, आणि ती जागा त्याचीच असं सगळे धरून चालले होते. मला कायदेमंडळात कवडीचाही रस नव्हता. तो उभा राहिला म्हणून मी उभा राहिलो. गावोगावच्या वकिलांच्या घरी गेलो, त्यांच्या पोरांची कौतुकं केली, न आवडणाऱ्या विनोदांना हसलो. थोड्याच मतांनी निवडून आलो. हिंगोलीच्या स्टेशनवर तो मला निरोप द्यायला आला. डब्याच्या खिडकीपाशी येऊन म्हणाला, "साक्षीदाराची जबानी त्याच्या भाषेत वाचून दाखवली पाहिजे, हा प्रश्न तिथं मांडा. मोठं काम होईल." मला संताप आला, कारण नेमका तोच प्रश्न मी खिशात लिहून नेत होतो. मांडलाही. विचार चालू आहे, असं उत्तर मिळालं. मुदत संपेपर्यंत तो विचार चालूच होता.

मुदत संपली आणि सरकारनं मला मुन्सफीची जागा देऊ केली. कायदेमंडळात फार प्रश्न विचारणाऱ्याला खुर्ची देऊन गप्प बसवायची ही सरकारची जुनी खोड. मला सगळं कळत होतं. तरी माझ्या तोंडाला पाणी सुटलं. जागा होती कळमनुरीची, आणि हिंगोलीचे वकील तिथं रोज कामाला यायचे. तो येणार. खाली उभा राहणार. मला 'हुजूर' म्हणणार.

आबांना हे सांगायला मी गावी गेलो. ते सोप्यात बसून दोर वळत होते. गुडघे तेव्हाच धरले होते त्यांचे.

"मुन्सफ झाल्यावर वकिली करता येती का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई आबा. सनद परत करावी लागती."

"मंग माझा दावा कोन लढवील?"

"कोणता दावा? तो केव्हाच संपला. तो निकाल आता कुणाला फिरवता येत न्हाई."

"येळ येती बाबा कव्हातरी. एकदा तोरणाखालून जाऊ दे मला. तवर सनद ठेव. मंग हो की मुन्सफ, म्या कुठं नको म्हनलं?"

माझ्या सगळ्या आयुष्यात त्यांनी माझ्याकडं मागितलेली ही एक गोष्ट. मी म्हणालो, बघू. आणि महिन्याभरात खुर्चीत जाऊन बसलो.

पहिल्या दिवशी तो आला. वाकला. "हुजूर," म्हणाला. खरं सांगतो, माझ्या पाठीच्या कण्यातून गोड मुंग्या गेल्या. त्या दिवसापासून मी त्याचं जिणं हराम केलं. त्याचा दावा शेवटी पुकारायला लावायचा. त्याला सकाळी पहिला पोचायला लावायचं आणि संध्याकाळी पुढची तारीख द्यायची. तो बोलायला लागला की मी कागद चाळायचो. निकाल मात्र मी कधी वाकडा दिला नाही. तेवढी लाज होती, किंवा वरच्या कोर्टाची भीती होती म्हणा. बाकी जेवढं छळता येईल तेवढं छळलं. तो एकदाही चिडला नाही. त्यामुळं मला आणखीच चेव यायचा.

आणि तशातच आबा म्हणत होते ती वेळ आली. चुलता वारला. त्याला मूल नव्हतं. चुलतीनं आपल्या माहेरच्या नात्यातला एक तरणा मुलगा दत्तक घेतला, आणि मान आता दत्तकाला जाणार की थोरल्या पातीकडं परत येणार, हा नवा वाद उभा राहिला. नवा वाद म्हणजे नवा दावा. आबा दत्तकपत्राची नक्कल घेऊन कळमनुरीला माझ्याकडं आले. मी ती वाचली. चुलत्याचं नाव दिसलं की माझं डोकं तापायचं, त्या तापल्या डोक्यानंच वाचली.

"ह्यात काही न्हाई आबा. जुना निकाल आडवा येईल. दोन वर्षं थांबा. मी नोकरी सोडतो, सनद परत घेतो आणि मीच लढवतो."

"दोन वर्सं माजे गुडघे थांबतील का?"

"थांबतील. काहून थांबणार न्हाईत?"

आबांनी नक्कल घडी करून खिशात घातली. खरं तर त्या दिवशी मी राजीनामा लिहायला हवा होता. पण दुसऱ्याच दिवशी माझ्या कोर्टात त्याची पेशी होती, आणि त्याला ताटकळत ठेवायचं सुख मला सोडवत नव्हतं. बापाच्या मानापेक्षा मला ते सुख प्यारं झालं. आता खोटं कशाला लिहू?

महिन्यानं कळलं की आबांनी वकील धरला. कोण, ते कळलं तेव्हा मी भर उन्हात घोडागाडी करून गावी गेलो.

"तुम्हाला दुसरा कुणी मिळाला न्हाई? ज्यानं तुमचं नाक कापलं त्याच्याच पायरीवर गेलात?"

"ओरडू नको. मला हरवलं त्यानं. तूच सांगतो ना गावभर, तेच्याइतका हुशार वकील न्हाई म्हनून?"

"अहो, आपल्या मांडवात जेवून त्यानं—"

"तवा तो तुझ्या चुलत्याचा वकील व्हता. त्यानं त्याचं काम केलं. आता माजा हाय, माजं करंल. तुला सनद ठेव म्हनलं व्हतं म्या. ठेवली का?"

 आलो तसा परत गेलो.

दावा हिंगोलीलाच चालला. मी अर्थातच फिरकलो नाही, पण निकालाची नक्कल मागवून वाचली. दत्तकपत्रावर भाऊबंदांची संमती घेतली होती. संमतीच्या ओळीत चुलतीच्या माणसांनीच लिहून ठेवलं होतं, थोरल्या घरच्या वडिलांचा मान राखून, त्यांच्या हुकुमानं हा दत्तक घेतला. आणि खाली सह्यांमध्ये सगळ्यांत वर आबांची नांगराची निशाणी. म्हणजे दत्तकाचा हक्क ज्या कागदावर उभा, त्याच कागदानं आबांना थोरलं ठरवलं होतं. त्यानं कोर्टात फक्त ती ओळ दोनदा वाचून दाखवली आणि खाली बसला. दावा आबांचा झाला. ती ओळ माझ्या हातातून गेली होती. मी ती वाचूनही वाचली नव्हती. तोंडात मारल्यासारखा बसून राहिलो. आबा जिंकले ह्याचा आनंद व्हायला हवा होता ना? झाला नाही. त्यानं जिंकून दिलं, एवढंच मला दिसत होतं.

पोळा दीड महिन्यावर आला होता. आबांचा निरोप आला. गुडघ्यांमुळं मला बैल धरवत नाही, मानाच्या जोडीचा कासरा घरच्या माणसाच्याच हातात पाहिजे, गड्याच्या हातात चालत नाही, तू एकटाच लेक, तेव्हा तू ये. बस, एवढाच निरोप. मी उलटा निरोप धाडला की त्या दिवशी कचेरीत महत्त्वाची पेशी आहे. पेशी कसली? एका बांधाचा जुना रडका दावा होता, त्याला मीच मुद्दाम पोळ्याची तारीख दिली होती, कारण त्यात वकील तो होता. मला वाटलं, जिंकून दिलं म्हणून गाव ह्याला पाटावर बसवणार, फेटा बांधणार. बसवा कसा बसवता ते! मीही जाणार नाही आणि त्यालाही जाऊ देणार नाही. आमच्या कचेरीला पोळ्याची सुटी नसायची.

पोळ्याच्या दिवशी सकाळी कचेरी उघडली तर तो हातात अर्ज घेऊन उभा. बाहेर लिंबाखाली हिंगोलीहून आणलेली एक मोटार उभी होती. मी मनात म्हटलं, वा रे बहाद्दर, जायची तयारी करूनच आलाय.

"हुजूर, आजच्या दिवस काम तहकूब व्हावं. समोरच्या पक्षाची हरकत नाही."

"कारण?"

"घरगुती कारण आहे, हुजूर. चारचौघांत सांगण्यासारखं नाही. आपली परवानगी असेल तर आपल्या खोलीत येऊन सांगतो."

"खोलीत गोष्टी करायची ह्या कोर्टाची रीत नाही. कारण पुरेसं नाही. अर्ज नामंजूर."

मी ते ठसठशीत अक्षरात लिहिलं. काय गोड वाटलं म्हणून सांगू! दुपारी तो परत उठला. "हुजूर, आता जरी काम थांबलं तरी वेळेत पोचता येईल." आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या आवाजात काकुळती आली होती. मी म्हणालो, "वकीलसाहेब, ह्या कोर्टाला बैलांशी कर्तव्य नाही. साक्षीदार बोलवा." बाकावरची माणसं हसली. त्यानं माझ्याकडं पाहिलं, काही बोलायला तोंड उघडलं, आणि मिटलं. बांधाचा तो दावा मी दिवस मावळेपर्यंत चालवला. मोटार आली तशी रिकामीच गेली.

दोन दिवसांनी मी गावी गेलो. माय दारातच बसली होती. माझ्या हातात पाण्याचा तांब्या देऊन तिनं तोंड फिरवलं.

"वकील न्हाई भेटला का तुला?" तिनं विचारलं.

"भेटला. तारीख मागून राहिला होता. मी दिली न्हाई."

"आरं, तुझ्या आबानंच धाडलं व्हतं त्याला!" ती रडायलाच लागली. "म्हनले, पोरगं रुसलंय, स्वतःहून सुटी घ्यायचं न्हाई. तुमी तारीख मागा वकीलसाहेब, कचेरी मोकळी झाली का त्याला मोटारीत घाला आन् वेशीला आनून सोडा. तुज्यासाठी व्हती रं ती मोटार."

मी तांब्या खाली ठेवला. बाकीचं मायनंच सांगितलं. आबांनी जोडी सजवून वेशीपाशी उभी केली, आणि स्वतः काठी टेकून रस्त्याकडं बघत राहिले. मोटारीचा आवाज आल्यासारखा वाटला की म्हणायचे, आलं, माझं पोरगं आलं. गावची सगळी जनावरं मागं खोळंबलेली. दिवस कलला. कुणी म्हणालं, गड्याला धरू द्या कासरा. धाकट्या पातीनं हरकत घेतली, मान घरच्याचा असतो. शेवटी आबांनीच हात वर केला आणि त्या दत्तक पोराला म्हणाले, "जा बाबा तू फुडं. मुकी जनावरं कव्हाची उभी हायती." त्याची जोडी पहिली गेली. सगळ्या गावासमोर, आबांच्या तोंडच्या शब्दावर. आता कुठला वकील आणि कुठलं कोर्ट तो मान परत आणणार होतं? राजीखुशीनं दिला होता त्यांनी.

त्यांना दुसरी संधी मिळालीच नाही. पुढच्या पोळ्याला सगळा मुलूख दहशतीत होता, वेशीपाशी कुणी बैल आणलेच नाहीत. मग थोड्याच दिवसांत निजामाची राजवट गेली, आणि त्या थंडीत आबाही गेले. त्या वकिलाला मी अजून माफ केलेलं नाही. त्यानं दुपारी तोंड उघडलं होतं ना? मग मिटलं कशाला? भर कोर्टात ओरडून सांगायचं होतं, हुजूर, तुमचा बाप वेशीत उभा आहे म्हणून. माझी अब्रू गेली असती तर गेली असती. त्यानं ती राखली, आणि ते मला अजून सोसवत नाही.

मायनं हे सांगितलं त्या दिवशी मी आत गेलो तेव्हा आबा खाटेवर पडून होते. गुडघ्यांना फडकी बांधलेली. मला वाटलं, शिव्या देतील. द्याव्या असं फार वाटत होतं. त्यांनी मला जवळ बसायला जागा केली.

"काम लई व्हतं का रं कचेरीत?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "व्हय आबा. लई होतं."